हवालदार आजींची तक्रार

हवालदार आजींनी उजवा हात वर केला की गाडी थांबायची. ऐकीव सांगत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. दुबईत जबल अलीला आमच्या वसाहतीसमोरून सहा पदरी रस्ता जातो आणि त्याच्या पलीकडे कंपन्यांच्या बसचा थांबा आहे. सकाळी सहा-सातच्या सुमाराला आमच्याकडे सफाईला येणाऱ्या बाया, सिक्युरिटी गार्ड, गोदामांत काम करणारी माणसं जीव मुठीत धरून तो रस्ता ओलांडायची. सिग्नल होता, पण बराच पुढे, आणि जूनच्या उन्हात तिथपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे कामाला पोचायच्या आधीच माणूस शिजायचा. अशा वेळी फिकट सुती साडी, पायात पांढरे बूट आणि डोक्यावर नातीची गुलाबी टोपी अशा थाटात आजी कडेला उभ्या राहायच्या. हात वर व्हायचा, मोठमोठ्या एसयूव्ही आणि पाण्याचे टँकर करकचून थांबायचे, आणि आजी डाव्या हाताने माणसांना पुढे काढायच्या. "चला चला, यल्ला! रस्त्यात फोन नाही बघायचा!"

आजी सोलापूरच्या. तेहतीस वर्षं पोलिसात काढलेली, त्यातली निम्मी चौकात शिट्टी फुंकण्यात आणि निम्मी ठाण्यात वह्या लिहिण्यात. यजमान गेल्यावर मुलीने, वैशालीने, त्यांना इकडे आणलं. वैशाली आणि तिचा नवरा दोघंही नोकरीला, घरात पाच वर्षांची नात, तेव्हा आजींचं येणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. 'हवालदार आजी' हे नाव वसाहतीतल्या पोरांनी ठेवलं आणि ते आजींना अजिबात पसंत नव्हतं. "हवालदार कोण? सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले मी," असं त्या प्रत्येकाला एकदा तरी सुनवायच्या. पण 'सहायक फौजदार आजी' अशी हाक काय कोणी मारणार? शेवटी त्यांनीही नाद सोडला.

माणसाला आडनावाने हाक मारायची त्यांची जुनी सवय होती. मी सावंत, आमची बायकोही सावंत, चौथ्या मजल्यावरचे मल्याळी गृहस्थ नायर. इथवर ठीक होतं. पण सख्ख्या नातीलाही त्या आडनावानेच बोलवायच्या. "शिंदे, दूध संपव." त्यावर ती चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आजी, माय नेम इज अन्वी!" आजी गंभीरपणे म्हणायच्या, "माहितीये. अन्वी शिंदे, दूध संपव." पोरगी दूध संपवायची. आमच्या घरी विनवण्या करूनही जे होत नसे ते तिथे एका वाक्यात व्हायचं, आणि आमची मंडळी त्याचा राग माझ्यावर काढायची.

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं बर दुबईला देवळात गेलो होतो. दर्शन झालं, मीना बाजारात साड्यांची दुकानं पालथी घालून झाली, आणि खाडी ओलांडायला आम्ही अब्रात, म्हणजे तिथल्या त्या लाकडी होडीत, चढलो. सगळी माणसं ज्या बाजूने वारा येत होता तिकडेच बसली. आजींना ते बघवेना. "ए टोपीवाले भैया, इधर आओ. तुम दोनो उधर. बच्चा लोग बीच में." दोन युरोपियन पर्यटक, एक सुदानी म्हातारा, सगळे मुकाट उठून त्यांनी दाखवलेल्या जागी बसले. उतरताना पाकिस्तानी नावाडी मला म्हणाला, "भाईसाब, इनको रोज भेज दो." मी हसलो, आणि जरा अभिमानही वाटला.

त्यांच्या पर्समध्ये कायम एक छोटी डायरी असायची. कोण किती वाजता भेटलं, लिफ्ट कधी बंद पडली, पाणी कधी आलं नाही, सगळं तारीख-वार टिपलेलं. "लिहिलं नाही ते झालं नाही," असं त्या म्हणायच्या. "आमच्याकडे कोर्टात हेच विचारतात. डायरीत आहे का? नाही? मग झालंच नाही." मला त्या डायरीची गंमत वाटायची. माझा स्वतःचा पगार लिहिण्याच्याच कामाचा होता, तरी ते वाक्य मी कानाआड केलं.

एके दिवशी सकाळी पोलिसांची गस्तीची गाडी त्यांच्याजवळ थांबली. तरुण शिपाई उतरला, अदबीने म्हणाला, "मदाम, नॉट अलाउड. व्हेरी डेंजरस." मी गॅलरीतून बघत होतो. आजींनी त्याला कडक सलाम ठोकला आणि घरी निघून आल्या. खाली जाऊन मी चौकशी केली तर म्हणाल्या, "बरोबर आहे पोराचं. मला अधिकार काय? अंगावर वर्दी नाही, परका मुलूख. उद्या कोणी गाडी ठोकली तर जबाबदार कोण? ज्याला अधिकार आहे त्याला सांगायचं." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हात वर करणं सोडलं. उभ्या मात्र राहायच्या.

'ज्याला अधिकार आहे त्याला' सांगायचा रस्ता माझ्या टेबलावरून जात होता.

वसाहतीची देखभाल करणाऱ्या कंपनीत मी रहिवाशांच्या तक्रारींचं काम बघतो. दर महिन्याला खालच्या हॉलमध्ये बैठक असते. जवळच्या पोलीस ठाण्याचा एक अधिकारी येतो, कधी म्युनिसिपालिटीचा माणूस येतो, रहिवासी आपापली गाऱ्हाणी सांगतात. त्याचा अहवाल मी लिहितो. अहवालात 'तक्रारी' आणि 'सूचना' असे दोन रकाने. तक्रार पुढे म्युनिसिपालिटीकडे आणि पोलिसांकडे जाते, तिला मुदत असते, ती सुटेपर्यंत आमच्या अहवालात लाल रंगात दिसत राहते. सूचना कुठेच जात नाही. ती आमच्या फाइलमध्ये बसते आणि तिच्यापुढे मी 'नोटेड' असं लिहितो.

आजी पहिल्यांदा बैठकीला आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून, पुढच्या रांगेत. इंग्रजी त्यांना समजायचं, बोलता यायचं नाही. म्हणून त्या मराठीत बोलल्या आणि मी भाषांतर केलं. किती वाजता किती माणसं ओलांडतात, कुठल्या वळणावर गाडी उशिरा दिसते, कुठे पट्टे मारायला हवेत, सगळं डायरीतून वाचून दाखवलं. नंतर मला म्हणाल्या, "सावंत, आवक क्रमांक दे."

"आजी, इथे सगळं ऑनलाइन असतं. क्रमांक वगैरे नसतो."

"असं? बरंय मग." त्यांनी डायरीत लिहिलं, तक्रार दिली, सावंत यांनी घेतली.

क्रमांक असतो. तक्रारीला असतो. पण मी ती तक्रार म्हणून घेतलीच नव्हती.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. साहेबाने दम दिला असता तर मी आज त्याच्या नावाने खडे फोडून मोकळा झालो असतो. साहेब बिचारा अहवाल नीट वाचतही नसे, फक्त लाल ओळी किती ते बघायचा. वर्षअखेरीला कंत्राटाचं नूतनीकरण होतं, आणि रस्त्याचं काम म्हणजे दोन-तीन कार्यालयांचा मामला, ती ओळ सहा महिने लाल राहणार असं मी मनाशी ठरवून टाकलं. मग सूचनांच्या रकान्यात टाइप केलं: पादचाऱ्यांच्या सोयीबद्दल रहिवाशाची सूचना. नोटेड. संध्याकाळी बायकोला सांगितलंही, की बघ, डोकं लागतं या कामाला.

दुसऱ्या बैठकीला आजी आल्या. तिसऱ्या बैठकीलाही आल्या. दर वेळी डायरीतली नवी पानं, दर वेळी माझं भाषांतर. भाषांतरही मी गोडगोड करायचो. "माणूस मरेल इथे" असं त्या म्हणाल्या की मी इंग्रजीत म्हणायचो, रहिवाशांना थोडी काळजी वाटते. समोरचा अधिकारी नम्रपणे मान हलवायचा, आणि लेखी तक्रारीची वाट बघायचा, जी त्याच्यापर्यंत कधी पोचायचीच नाही. चौथ्या बैठकीनंतर आजींनी लिफ्टपाशी विचारलं, "काय रे, कुठवर आलं?"

"प्रोसेसमध्ये आहे आजी. होईल, इन्शाल्ला."

"सरकारी काम आहे, वेळ लागतो," त्यांनीच माझी समजूत घातली.

आमच्या इमारतीत लक्ष्मी नावाची सफाईवाली आहे. आंध्रातली, गोदावरीच्या काठची, पस्तिशीची बाई. गावी दोन मुली. चौथ्या बैठकीनंतर दहाएक दिवसांनी, सकाळी बसमधून उतरून रस्ता ओलांडताना एका गाडीने तिला उडवलं. जीव वाचला, पण उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मी धावत खाली गेलो तेव्हा अँब्युलन्स आली होती आणि आजी फुटपाथवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गुलाबी टोपी लक्ष्मीच्या तोंडावर सावलीसारखी धरलेली.

कागदोपत्री चूक लक्ष्मीचीच निघाली. जिथे ओलांडायची जागा नाही तिथून ती ओलांडत होती, आणि इथला नियम स्पष्ट आहे. ती जागा व्हावी म्हणून चार वेळा सांगून झालं होतं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

पुढच्या बैठकीला ठाण्याचा नवा अधिकारी आला. तरुण, हुशार, हातात टॅब. त्याने आमच्या जुन्या अहवालांतल्या तक्रारींवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि सरळ मला विचारलं, "हबीबी, व्हाय नोबडी टोल्ड अस? धिस इज स्मॉल थिंग. वन मंथ, खलास."

हॉलमध्ये नायर होते, एक इजिप्शियन जोडपं होतं, फिलिपिनो नर्स होत्या. मराठी समजणारी आम्ही दोनच माणसं. आजी उठून उभ्या राहिल्या.

"सांग त्यांना," त्या मला मराठीत म्हणाल्या. "चार वेळा तक्रार दिली. तारखा आहेत माझ्याकडे. लिहून घेणाऱ्याने एनसी केली. सांग."

एनसी म्हणजे अदखलपात्र. वहीत नोंद होते, तक्रारदार कागदाचा चिटोरा घेऊन घरी जातो आणि पोलीस काही करत नाहीत. आपल्याकडे कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. त्या अधिकाऱ्याला कळायला मात्र माझ्या तोंडाशिवाय दुसरा मार्ग नव्हता, आणि तो माझ्याकडे बघत होता. माझ्या डोळ्यांपुढे नोकरी आली, व्हिसा आला, मुलीची शाळा आली. लक्ष्मीचा पाय काही आला नाही.

"सर, शी इज सेइंग, शी हॅड गिव्हन अ सजेशन," मी म्हणालो. "इट वॉज नोटेड."

'सजेशन' हा शब्द आजींना कळला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग त्या खाली बसल्या, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि डायरीत काहीतरी लिहिलं. अधिकाऱ्याने आपल्या टॅबवर तिथल्या तिथे तक्रार नोंदवली. मला वाटतं दोन मिनिटं लागली असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं. मी शब्दांची जुळवाजुळव करून गेलो होतो: कंपनीचं धोरण, वरून दबाव, असलं काहीतरी. त्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही.

"सावंत, ही चोरी मला लांबून ओळखू येते. मी केलीय. आमच्या साहेबांना ठाण्याचा आकडा कमी हवा असायचा. एक बाई यायची, शेजारचा माणूस त्रास देतो म्हणून. चार वेळा आली. चारही वेळा मी एनसी घेतली, माझ्या हाताने. पाचव्यांदा तिचा भाऊ आला." त्यांनी बशीतलं बिस्किट माझ्यापुढे सरकवलं. "तिला पोलिसांवर विश्वास होता, म्हणून ती गाव सोडून गेली नाही. मी तुझ्या कागदावर विश्वास ठेवला, म्हणून हात खाली ठेवला. त्या दिवशी उभी होते मी तिथे. गाडी मला दिसली होती."

माझ्या तोंडून "सॉरी आजी" एवढंच निघालं.

"मला कशाला? माझी बाई गेली, तिला सांगायची सोय नाही. तुझी लक्ष्मी आहे. जा, आणि काय केलंस ते तिला सांग. फळंबिळं घेऊन जाऊ नकोस. नुसतं सांग."

मी फळं घेऊन गेलो. सफरचंदं, संत्री, खजुराचा मोठा डबा. लक्ष्मी खाटेवर अवघडून उठायला लागली, "सर, आप क्यों आया," म्हणून संकोचली. मी तिच्या मुलींची चौकशी केली, डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं आणि घाईघाईने निघालो. सांगायचं ते सांगितलं नाही.

तीन आठवड्यांत रस्त्यावर पट्टे आले, दिवे आले, गाडीचा वेग कमी करणारा उंचवटा आला. मी ज्या कामाला सहा महिने धरले होते ते तीन आठवड्यांत. उन्हात काम करणारी ती माणसं दिसू नयेत म्हणून मी गॅलरीचा पडदा ओढून घ्यायचो. त्यावर कडी म्हणजे कंपनीने त्या पट्ट्यांवर मला उभं करून फोटो काढला आणि 'आमच्या टीमचा तत्पर पाठपुरावा' म्हणून सगळ्या इमारतींच्या लिफ्टमध्ये लावला. आजी एकदा माझ्यासोबत त्याच लिफ्टमध्ये होत्या. फोटोकडे बघून म्हणाल्या, "इस्त्रीचा शर्ट घालायचास." बाकी काही नाही.

वर्षभराने आजी सोलापूरला परत निघाल्या. अन्वी मोठी झाली होती, स्कूलबसने जायला लागली होती, आणि आजींना गुडघ्यांमुळे जिने-रस्ते होईनात. भर दुपारी गाडी खाली उभी होती. नायर, फिलिपिनो नर्स, गार्ड, सगळे निरोपाला जमले होते. लक्ष्मीही होती, थोडी लंगडत का होईना, पुन्हा कामावर आलेली. आजींनी एकेकाचं आडनाव घेऊन निरोप घेतला. माझ्यापाशी आल्यावर आवाज खाली आणून विचारलं,

"लक्ष्मीला सांगितलंस?"

"हो, आजी."

कसं बोललो, का बोललो, मला आजही कळत नाही. एवढी माणसं, गाडीचा ड्रायव्हर घाई करतोय, मी आपला बोलून गेलो. आजी "बरं," म्हणाल्या. मग माझ्या मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारलं, तिला भरपूर पाणी प्यायला सांग म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.

त्यानंतर मी सूचनांचा रकाना वापरलेला नाही. कुणी काही बोललं की तक्रार, क्रमांक, तारीख, बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे. साहेब कुरकुर करतो, लाल ओळी वाढल्यात म्हणतो, वाढू देत. पण हे चांगलं काम करताना मला चांगलं वाटत नाही. एका बाईचा पाय मोडल्यावर सुचलेलं शहाणपण आहे ते.

गेल्या महिन्यात ऑफिसात कोणी नव्हतं. लक्ष्मी फरशी पुसत होती आणि पाय दुखतो म्हणून मधेच भिंतीला टेकून उभी राहिली. मी उठलो आणि तिला सगळं सांगितलं. बैठका, आजींची डायरी, दोन रकाने, नोटेड. हिंदीत, अडखळत. ती मॉप धरून ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने मान हलवली, जशी ती कचऱ्याची पिशवी बदलायला सांगितल्यावर हलवते.

"अभी समझा सर," ती म्हणाली. "आजी जानेवाली थी ना, उस दिन सुबह मेरे पास आयी थी. पूछी, सावंत सर तुमको कुछ बोला क्या? मैं बोली, नहीं, कुछ नहीं बोला. वो बोली, अच्छा. मैं सोची, क्यों पूछती है."

एवढं बोलून ती पुन्हा पुसायला लागली. माझ्या टेबलाखाली पुसायचं होतं म्हणून मी खुर्ची मागे घेतली.

म्हणजे त्या दुपारी, गाडीपाशी, माझं "हो" ऐकायच्या आधीच आजींना उत्तर ठाऊक होतं. तेहतीस वर्षांची पोलिसातली सवय; आधी साक्षीदाराला विचारून मगच माझ्यापाशी आल्या होत्या. मला शेवटची संधी दिली आणि मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. त्यावर त्यांनी माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली.

आता लक्ष्मीला सांगून झालंय, हे आजींना कळवायला हवं. नंबर आहे माझ्याकडे, वैशालीने दोनदा सांगितलंय की आईला तुमची आठवण येते, एकदा फोन करा. मी फोन हातात घेतो, नाव काढतो. त्या पलीकडून "बोल, सावंत" म्हणतील, आणि मग मला आधी त्या "हो"बद्दल बोलावं लागेल. मी फोन खाली ठेवतो.